मॉरिशसचे मराठी, क्रिओल आणि 'एकच राष्ट्र': माणसं समाजवार मोजावीत की नाही?

दर्यावर्दी (धागाकर्ता)

बाहेरून आलेल्यांनी आपलं वेगळेपण जपावं की नव्या देशात मिसळून जावं, हा वाद निघाला की आपल्याकडे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा यांचीच उदाहरणं फिरत राहतात. मला मॉरिशसबद्दल लिहायचं आहे. कामानिमित्त काही वर्षं तिथे होतो. तिथल्या मराठी घरांत जेवलो, त्यांच्या भजनांना बसलो, सभांमधली भांडणंही ऐकली. या वादात दोन्ही बाजू जे जे सुचवतात, ते बहुतेक सगळं या बेटावर करून झालेलं आहे.

या बेटावर मूळचं असं कोणी नव्हतंच. डच आले आणि १७१० मध्ये निघून गेले. मग फ्रेंच आले, त्यांनी मादागास्कर आणि आफ्रिकेतून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. १८३५ मध्ये गुलामी संपली, पण उसाचे मळे होतेच, म्हणून हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, आणणं सुरू झालं. साडेचार लाखांच्या आसपास माणसं पोर्ट लुई बंदरात उतरली. सर्वांत जास्त भोजपुरी मुलखातली, मग तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातली. शिवाय गुजराती मुसलमान व्यापारी आणि चिनी दुकानदार. म्हणजे 'आम्ही इथले, तुम्ही उपरे' असं म्हणायची सोय कुणालाच नाही. जमीन आणि साखर कारखाने मात्र फ्रेंच घराण्यांच्या हातात राहिले.

१९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळताना संविधानाने सगळ्यांची चार समाजांत वाटणी केली: हिंदू, मुसलमान, चिनी वंशाचे आणि 'जनरल पॉप्युलेशन'. चौथ्याची व्याख्या अशी की, आपल्या राहणीवरून जो पहिल्या तिघांपैकी कुठल्याच समाजातला वाटत नाही, तो यात. त्यामुळे फ्रेंच वंशाचा गोरा मळेवाला आणि त्याच मळ्यावर ज्याचे पूर्वज गुलाम होते तो क्रिओल कोळी, दोघे कागदोपत्री एकाच समाजाचे.

निवडणुकीला उभं राहताना उमेदवाराने आपला समाज लिहून द्यायचा. लोक ६२ जण निवडून देतात. त्यानंतर ज्या समाजाला कमी जागा मिळाल्या, त्याच्या हरलेल्या उमेदवारांतून ८ जणांपर्यंत आत घेतात. याला 'बेस्ट लूझर' म्हणतात. कुठला समाज किती, हे अजून १९७२ च्या जनगणनेवरून ठरतं, कारण त्यानंतरच्या जनगणनेतून तो प्रश्नच काढून टाकला. देशात नातवंडं मतदान करायला लागली, पण त्यांचं प्रमाण आजोबांच्या काळचं धरतात. 'रेझिस्तांस एक अल्तेर्नातिव' या पक्षाच्या उमेदवारांनी समाज सांगायला नकार दिला. त्यांचे अर्ज बाद झाले, प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेलं, आणि २०१२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिलं. २०१४ च्या निवडणुकीपुरती सूट मिळाली. मूळ तरतूद तशीच राहिली.

आता दुसरी बाजू. 'एन सेल लेपेप, एन सेल नासियों', म्हणजे एकच जनता, एकच राष्ट्र, ही घोषणा घेऊन पोल बेरांजे यांचा एमएमएम पक्ष उभा राहिला. १९८२ मध्ये त्यांच्या आघाडीने मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० जागा घेतल्या. १२ मार्च १९८३ च्या राष्ट्रदिनाला राष्ट्रगीत क्रिओलमधून, म्हणजे बेटावरच घडलेल्या बोलीतून, वाजलं आणि सरकार त्याच महिन्यात फुटलं. भांडणाची कारणं आर्थिकही होती, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते राष्ट्रगीत. आज २०२२ च्या जनगणनेप्रमाणे ९० टक्क्यांच्या आसपास लोक घरी क्रिओल बोलतात. घराघरातली भाषा राष्ट्रगीताला चालत नाही, यातच या देशाचं सगळं दुखणं आहे.

माझं मत सांगतो. राज्याने माणसं समाजवार मोजणं बंद करावं, क्रिओलला शाळेत आणि संसदेत पुरता मान द्यावा, आणि पूर्वजांच्या भाषांना, सणांना मिळणारी मदत चालू ठेवावी. मराठी टिकवायची तर घरात आणि मंडळात टिकेल. निवडणुकीच्या अर्जावरच्या रकान्याने ती टिकत नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहावं.

नीलमोहर

उत्तम धागा. मी माँट्रियालला असते, म्हणून क्वेबेकची बाजू मांडते. कॅनडाने १९७१ मध्ये बहुसांस्कृतिकतेचं धोरण आणलं, १९८८ मध्ये त्याचा कायदा केला. क्वेबेकला ते कधीच मनापासून पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं की या धोरणात आमची फ्रेंचही इतर शंभर भाषांसारखीच एक होऊन बसते. म्हणून १९७७ मध्ये त्यांनी बिल १०१ आणलं आणि बाहेरून आलेल्यांच्या मुलांना फ्रेंच शाळा सक्तीची केली.

परिणाम माझ्या डोळ्यांसमोर आहे. माझी मुलगी शाळेत फ्रेंच, दुकानात इंग्रजी आणि घरात मराठी बोलते. तिच्या वर्गात हैतीची, व्हिएतनामची, अल्जीरियाची मुलं आहेत आणि खेळताना सगळ्यांची भाषा फ्रेंचच. सक्ती झाली म्हणून तिची मराठी गेली नाही. उलट टोरांटोच्या माझ्या भाच्यांना कसलीच सक्ती नव्हती आणि ते घरातसुद्धा इंग्रजीत उत्तर देतात.

तेव्हा दर्यावर्दी, तुम्ही 'मान द्यावा' म्हणता ते मला फार मऊ वाटतं. एक समान भाषा कायद्याने ठरवावीच लागते. पण कायदा भाषेवर थांबला पाहिजे. २०१९ मध्ये बिल २१ आलं, त्याने पगडी किंवा हिजाब घालणाऱ्यांना सरकारी शाळेत शिक्षक म्हणून नव्याने लागणं बंद झालं. फ्रेंच छान बोलणारी, इथेच शिकलेली मुलगी डोक्यावरच्या रुमालामुळे वर्गात उभी राहू शकत नाही. मिसळून जा म्हणणाऱ्यांना आणखी काय हवं होतं, हे मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही.

दादरचा_कट्टा

मुंबईत हाच न्याय लावा की. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहून मराठी न शिकणाऱ्यांना कुणी काही बोललं की लगेच संकुचित ठरवतात. क्वेबेकने केलं ते चालतं.

काळीनदीकर

नमस्कार. मी मॉरिशसचा. आमचे पूर्वज रत्नागिरीकडून आले, आता आमची पाचवी पिढी. माझी मराठी शाळेत आणि नंतर मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत शिकलेली आहे. घरी आम्ही क्रिओल बोलतो. लिहिण्यात पुस्तकी वळण आले तर समजून घ्यावे.

दर्यावर्दी साहेबांनी माहिती बरोबर दिली आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. बेस्ट लूझर पद्धतीतून आम्हा मराठी लोकांना थेट काहीच मिळत नाही, कारण त्या हिशेबात आम्ही 'हिंदू' आहोत. आम्हाला जे मिळाले ते दुसऱ्या मार्गाने. शाळेत मराठीचा तास, एमबीसी या सरकारी रेडिओ-टीव्हीवर मराठी कार्यक्रम, मराठी स्पीकिंग युनियन, आमच्या मंदिरांच्या फेडरेशनला अनुदान. आम्ही 'हिंदीभाषक नाही, मराठी आहोत' असे वारंवार सांगत राहिलो, म्हणून हे झाले.

एक उदाहरण देतो. आमच्या नोटेवर रकमेचा मजकूर इंग्रजी, तमिळ आणि हिंदीत असतो, त्याच क्रमाने. १९९८ मध्ये नव्या नोटा आल्या आणि त्यांवर हिंदी तमिळच्या वर गेली. तमिळ समाज रस्त्यावर आला. शेवटी त्या नोटा मागे घेऊन जुना क्रम असलेल्या नोटा छापाव्या लागल्या. बाहेरच्या माणसाला वाटते, एका ओळीसाठी एवढे काय? पण ज्याची भाषा घरात बोलली जात नाही, त्याच्यासाठी नोटेवरची ती ओळ, शाळेतला तो तास, कॅलेंडरमधली ती सुट्टी हेच त्या भाषेचे घर असते. तमिळांना काव्हडीची सुट्टी, तेलुगूंना उगादीची, आम्हाला गणेश चतुर्थीची. दर्यावर्दी म्हणतात मदत चालू ठेवा पण मोजू नका. मोजल्याशिवाय मदत कशी वाटणार? आणि मोजणे थांबले तर भोजपुरी समाजाला काही होणार नाही, ते संख्येने मोठे आहेत. आधी पुसले जाऊ ते आम्ही.

१९८३ मध्ये आमच्या घरातले वडीलधारे राष्ट्रगीत ऐकून घाबरले होते, असे वडील सांगतात. क्रिओल त्यांचीच भाषा होती, ती त्यांना परकी नव्हती. 'एकच राष्ट्र' म्हणणारे उद्या गणपतीची सुट्टीही काढतील, ही भीती होती.

रानजाई

काळीनदीकर दादा, तुमची मराठी वाचून फार बरं वाटलं.

सिंगापूरबद्दल थोडं. इथे मोजणी इतकी पक्की की ओळखपत्रावरच वंश असतो: चिनी, मलय, भारतीय, इतर. सरकारी घरांच्या इमारतींत कुठल्या वंशाची किती कुटुंबं असावीत याची मर्यादा १९८९ पासून आहे, म्हणून वेगळे मोहल्ले झाले नाहीत. ही गोष्ट खरंच चांगली. माझ्या मजल्यावर मलय आजी, चिनी जोडपं आणि आम्ही असे शेजारी आहोत. पण शाळेत 'मातृभाषा' म्हणून भारतीय मुलांना तमिळ, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू यांतून निवडावं लागतं. मराठी त्या यादीतच नाही. त्यामुळे माझा मुलगा 'मातृभाषा' म्हणून हिंदी शिकतो.

यादी करणारं सरकार असलं की यादीत नसलेल्याचं काय होतं, ते आम्ही रोज बघतो. मॉरिशसच्या मराठी लोकांनी यादीत जागा मिळवली याचा आनंद आहेच. पण यादीवर भरवसा ठेवून बसू नका, एवढंच म्हणेन.

मुक्ता_साताऱ्याची

इतकं सगळं बोलणं झालं, पण ज्यांच्यामुळे या बेटाला भाषा मिळाली त्यांच्याबद्दल दर्यावर्दींचं एक वाक्य सोडलं तर काहीच आलं नाही.

गुलामांच्या वंशजांना कुठली 'पूर्वजांची भाषा' आहे? त्यांना आणलं तेव्हा त्यांची नावं, गावं, बोली सगळं काढून घेतलं. मळ्यावर मालकाची फ्रेंच आणि स्वतःचं उच्चारण यांतून त्यांनी जी बोली घडवली, तीच आज अख्खा देश बोलतो. आणि सरकार जेव्हा सांस्कृतिक वाटा देऊ लागलं, तेव्हा ज्यांच्या मागे भारत, चीन, पाकिस्तान, फ्रान्स असे देश होते त्यांना वाटा मिळाला. ज्यांच्या मागे कुणी नव्हतं ते 'जनरल'. १९९३ मध्ये रोजे सेर्वो या पाद्र्यांनी याला 'मालेझ क्रिओल' म्हटलं, क्रिओल समाजाची कोंडी. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा सेगे (सेगा आणि रेगे यांच्या मिश्रणाचं संगीत) गायक पोलीस कोठडीत मेला आणि देशभर दंगली उसळल्या. त्या दंगलींमागे नुसता एका गायकाचा मृत्यू नव्हता.

आणि सहावीच्या परीक्षेचा तो वाद आठवा. त्या परीक्षेच्या गुणानुक्रमावर तेव्हा चांगली माध्यमिक शाळा मिळायची. हिंदी, तमिळ, उर्दू, मराठी अशा भाषांचे गुण त्या क्रमवारीत धरावेत, अशी मागणी होती. मागणारे म्हणत, आमची मुलं एक विषय जास्त शिकतात, त्यांच्या मेहनतीची किंमत का नाही? क्रिओल पालक म्हणत, आमच्या मुलांना अशी भाषाच नाही, मग ती मागेच पडणार. १९९५ मध्ये त्यासाठी घटनादुरुस्ती आणली, ती संसदेत पडली, पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथांनी निवडणूक घेतली आणि ६०-० ने हरले. एका परीक्षेच्या गुणांवरून सरकार गेलं. काळीनदीकर, तुमच्या मराठीच्या तासाबद्दल मला आदर आहे, पण तो तास कुणाच्या वाट्यातून आला हे विचारायला हवं.

अजून एक. बेस्ट लूझरबद्दल वाचताना मला पुणे कराराची आठवण होते. १९३२ मध्ये बाबासाहेबांपुढे हाच पेच होता: स्वतंत्र मतदारसंघ, की सगळ्यांच्या मतांवर निवडून येणाऱ्या राखीव जागा. मॉरिशसमध्येही मुसलमान नेत्यांना आपलं प्रतिनिधित्व सुरक्षित हवं होतं. तिथे सगळ्या समाजांची मतदारयादी एकच ठेवली, जागाही राखीव ठेवल्या नाहीत, फक्त निकालानंतर तूट भरून काढायची सोय केली. भीती खरी होती, हे विसरू नका. जानेवारी १९६८ मध्ये, स्वातंत्र्याला काही आठवडे उरले असताना, पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमान यांच्यात दंगल झाली आणि इंग्रजी पलटण बोलवावी लागली. दुबळ्याला मोजलं नाही तर तो दिसत नाही, हे मला मान्य आहे. पण मग मोजणी दुबळेपणाची करा. गोरा मळेवाला आणि क्रिओल कोळी एकात घालून काय साधलं?

दादरचा_कट्टा

मुक्ताताई, तुमचा शेवटचा मुद्दा बरोबर आहे. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र कुणी दिलं नाही.

दर्यावर्दी

कट्टा, उत्तर देतो. मुंबईत आणि महाराष्ट्रात मातीची भाषा आहे. इथे येणाऱ्याने ती शिकावी ही अपेक्षा रास्त आहे, आणि ती शिकवायची सोय करणं हे आपलं काम आहे. भाजीवाल्याला कानाखाली मारून ती शिकवता येत नाही. मॉरिशसमध्ये मातीची भाषा कुणी घेऊन आलं नाही, ती तिथे तयार झाली, आणि ती तयार करणारे सगळ्यात खालच्या पायरीवर होते. म्हणून दोन्हींना एकच न्याय लागत नाही. मुंबईवर वेगळा धागा काढा, मी येतो.

नीलमोहर, क्वेबेकची सक्ती चालते कारण फ्रेंचमागे शाळा, विद्यापीठं, सरकारी नोकऱ्या सगळं उभं आहे. मॉरिशसमध्ये संसदेची भाषा इंग्रजी, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच, आणि क्रिओलला प्रमाण लेखनसुद्धा अलीकडे मिळालं. आधी तिच्यात पुस्तकं, शिक्षक, परीक्षा होऊ देत.

काळीनदीकर, तुमच्याशी असहमत आहे, पण भीती मी उडवून लावत नाही. १९४८ पूर्वी या बेटावर मूठभरांनाच मत होतं. मग स्वतःच्या भाषेत साधं लिहितावाचता येणाऱ्यालाही मत मिळालं, आणि समाजसेवक वासुदेव विष्णुदयालांच्या माणसांनी गावोगावच्या बैठकांत रात्री कंदिलाच्या उजेडात मजुरांना सही करायला शिकवली. तेव्हा पूर्वजांची भाषा ही मजुराची सत्तेत शिरायची वाट होती. तिला कमी लेखणाऱ्यांतला मी नाही. पण आज तीच भाषा तिकीटवाटपाचं गणित झाली आहे. कुठल्या मतदारसंघात कुठल्या समाजाचा, कुठल्या जातीचा माणूस उभा करायचा, हे प्रत्येक पक्ष उघड ठरवतो. स्वातंत्र्यापासून आजवर हिंदू नसलेला पंतप्रधान एकच झाला, बेरांजे, तोही २००३ ते २००५. शाळेत किती मुलांनी मराठी घेतली हे मोजा, त्यावर शिक्षक द्या. ती निवड पालकाची असते, आणि दर वर्षी बदलू शकते. जन्मावरून लावलेली आणि १९७२ ला गोठवलेली मोजणी वेगळी. या दोन मोजण्या तुम्ही एकच समजता, तिथे आपलं बिनसतं.

काळीनदीकर

हा फरक महत्त्वाचा आहे हे मान्य. पण शाळेतली निवड दिसते तितकी मोकळी नाही. २०१२ पासून प्राथमिक शाळेत क्रिओल ऐच्छिक विषय म्हणून आली, आणि ती पूर्वजांच्या भाषांच्याच रांगेत बसवली. म्हणजे पालकाने फॉर्मवर एकच खूण करायची: मराठी किंवा क्रिओल किंवा हिंदी किंवा तमिळ. मी शिकवतो त्या भागात मराठी आडनावाची मुले कमी आहेत. मुले आठाच्या खाली गेली की तास दुसऱ्या शाळेला जोडला जातो की काय, ही चिंता प्रत्येक जानेवारीत असते. म्हणून आम्ही शिक्षक घरोघर जाऊन पालकांना सांगतो, मराठीवर खूण करा. समोर क्रिओल शिकवणारे सहकारी तेच करत असतात. ते माझे मित्र आहेत, आम्ही एकाच गाडीने शाळेत जातो. आम्हाला एकमेकांच्या समोर कुणी उभे केले?

मुक्ताताई, तुमचा प्रश्न मी माझ्या समाजाच्या बैठकीत मांडला होता, थोड्या वेगळ्या शब्दांत. एका ज्येष्ठांनी उत्तर दिले की त्यांना क्रिओल दिली ना, आता आणखी काय. मला ते उत्तर आवडले नाही. आमच्या झाकरीच्या गाण्यांत निम्मे शब्द आता क्रिओल असतात, ढोलकीच्या ठेक्यावर. मुलांना तेच आवडते. ते गाणे कुठल्या रांगेत बसवायचे?

मुक्ता_साताऱ्याची

झाकरी म्हणजे आपल्या कोकणातल्या जाखडीचंच रूप ना? रेकॉर्डिंग असेल तर नक्की द्या.

नीलमोहर

मग उपाय सरळ आहे. क्रिओल त्या यादीतून काढा आणि सगळ्यांना शिकवा. मराठी, तमिळ, हिंदी ऐच्छिक राहू देत. दोन्हींचे तास वेगळे. पालकाला 'किंवा' विचारूच नका. आमच्याकडे फ्रेंच सक्तीची आहे, शनिवारची मराठी शाळा आम्ही पालक चालवतो, आणि एकीमुळे दुसरीचं मूल कमी होत नाही.

काळीनदीकर

शिक्षक म्हणून मला हे आवडेल. पण मराठीला ऐच्छिक करून शाळेच्या वेळेबाहेर नेली तर ज्यांची घरे उसाच्या पट्ट्यात आहेत, त्यांची मुले येणार नाहीत. दुपारची बस चुकली की पुढची तासाभराने. तुमच्याकडे पालक गाडीने सोडतात. म्हणून तास शाळेच्या वेळेतच हवा, आणि पगारी शिक्षक हवा. ही अट मान्य असेल तर क्रिओल सर्वांना, या बाजूने मी हात वर करीन.

दर्यावर्दी

अट मान्य. मी मूळ लेखात 'मदत चालू ठेवावी' म्हटलं ते हेच. बेस्ट लूझरवर मात्र आपलं एकमत झालेलं नाही.

काळीनदीकर

नाही झालेले. आधी सर्वांना क्रिओल आणि वेगळा मराठीचा तास कायद्यात येऊ द्या. मग रकाना काढण्याबद्दल बोलू. उलट क्रमाने मी तयार नाही. जाखडीचे रेकॉर्डिंग गणपतीनंतर टाकतो, सध्या मुलांच्या तालमी सुरू आहेत.